लग्नात गेलेला देश



आपल्याकडे लग्नात ताटात तांदूळ पसरून त्यावर नव्या सुनेचे नाव लिहितात. माहेरचे नाव मागे राहते, आडनाव बदलते, कुलदैवतही बदलते. हे इतके अंगवळणी पडले आहे की त्याचे कोणाला नवल वाटत नाही. पण नावाबरोबर मुलीचा देशही बदलावा, असा कायदा स्वतःला पुढारलेले म्हणवणाऱ्या देशांत पुष्कळ वर्षे होता, हे मला अलीकडेच कळले. मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. इंग्रजी कागद माझ्या मुलीने मला वाचून समजावून दिले. ते वाचण्याचे कारण घरातलेच होते, ते पुढे सांगते. आधी इतिहास.

इंग्लंडात १८७० च्या कायद्याप्रमाणे परदेशी पुरुषाशी लग्न करणारी स्त्री ब्रिटिश प्रजाजन राहत नसे. अमेरिकेने १९०७ साली तोच कित्ता गिरवला. अमेरिकन स्त्रीने परदेशी माणसाशी लग्न केले की ती नवऱ्याच्या देशाची झाली. पुरुषाने मात्र परदेशी बायको केली तर त्याचे काहीच जात नसे. नवरा वारला किंवा काडीमोड झाला तरच त्या स्त्रीला आपले नागरिकत्व परत घेण्याची वाट होती. म्हणजे आपला देश परत हवा तर आधी संसार मोडायला हवा!

एथेल मॅकेन्झी या बाई कॅलिफोर्नियात जन्मलेल्या. १९०९ साली त्यांनी एका स्कॉटिश गायकाशी लग्न केले. राहायला त्या कॅलिफोर्नियातच होत्या. १९११ साली तेथील स्त्रियांना मताचा हक्क मिळाला, तेव्हा बाई यादीत नाव घालायला गेल्या. उत्तर मिळाले, तुम्ही अमेरिकन नाही. त्या थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढल्या. १९१५ साली निकाल विरुद्ध गेला. लग्न तुम्ही आपल्या खुशीने केले, त्याचा परिणामही तुम्हीच सोसा, असा त्या निकालाचा आशय.

पुढे १९२० साली अमेरिकेतील स्त्रियांना देशभर मताचा हक्क मिळाला आणि १९२२ साली ‘केबल कायदा’ झाला. यापुढे परदेशी नवरा केला म्हणून बहुतेक स्त्रियांचे नागरिकत्व जाणार नव्हते. पण ज्यांचे आधीच गेले होते, त्यांना ते आपोआप परत मिळाले नाही. जन्म त्याच मातीतला, तरी परक्याप्रमाणे अर्ज करायचा आणि शपथ घ्यायची.

रूथ ब्रायन ओवेन यांची हकीकत तर प्रत्येक मंडळात सांगावी अशी आहे. त्यांचे वडील विल्यम जेनिंग्ज ब्रायन तीन वेळा अमेरिकेच्या अध्यक्षपदाचे उमेदवार होते. अशा घरातली मुलगीही १९१० साली एका इंग्रज लष्करी अधिकाऱ्याशी लग्न करून परकी झाली. पहिल्या महायुद्धात तिने इजिप्तकडे परिचारिकेचे काम केले. नंतर पतीला घेऊन ती फ्लॉरिडात आली. पती आजारी, मुलेबाळे पदरात. १९२५ साली तिने रीतसर अर्ज करून नागरिकत्व परत मिळवले आणि १९२८ साली वैधव्यात निवडणूक लढवून अमेरिकेच्या लोकसभेवर निवडून आली. हरलेल्या उमेदवाराने हरकत घेतली, की सभासद होण्यास सात वर्षे नागरिक असावे लागते आणि बाई तर १९२५ पासूनच्या नागरिक आहेत! रूथबाई समितीपुढे स्वतः उभ्या राहिल्या. लग्न केले म्हणून कोणत्याही पुरुषाचे नागरिकत्व गेले नाही, मग माझेच का, हा त्यांचा बिनतोड सवाल होता. १९३० साली निकाल त्यांच्या बाजूने लागला. १९३३ साली त्या डेन्मार्कला अमेरिकेच्या वकील म्हणून गेल्या. हा मान मिळालेल्या त्या पहिल्या अमेरिकन स्त्री. आणि १९३६ साली त्यांनी तेथील एका अधिकाऱ्याशी लग्न केले, तर त्या देशाच्या कायद्याने त्या डॅनिश नागरिकही झाल्या व ते पद सोडावे लागले. लग्नाने पुन्हा आडवे यावे, याला काय म्हणावे!

या गोष्टीचा आपल्याशीही संबंध आहे. केबल कायद्यात एक खोच होती. ज्यांना अमेरिकन नागरिक होताच येत नाही, अशा आशियाई पुरुषाशी लग्न केले तर बायकोचे नागरिकत्व जाईच. १९२३ साली भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात हिंदी माणसे त्या गटात पडली. थिंद यांचे वकील होते सखाराम गणेश पंडित, नावावरूनच आपल्याकडचे वाटावेत असे. पंडितांना स्वतः १९१४ साली मिळालेले नागरिकत्वही सरकार काढून घेऊ लागले. त्यांनी कोर्टात सांगितले की माझे गेले तर माझी अमेरिकन पत्नी लिलियनचेही जाईल, तिला कोणताच देश उरणार नाही आणि आमची मालमत्ताही जाईल. १९२६ साली अपील कोर्टात ते जिंकले. पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने सरकारची दाद घेतली नाही. एका बायकोच्या हक्काचा मुद्दा अशा रीतीने नवऱ्याच्या उपयोगी पडला.

ती खोच १९३१ साली निघाली. १९३६ व १९४० च्या कायद्यांनी जुन्या स्त्रियांना केवळ शपथ घेऊन परत येण्याची सोय झाली. इंग्लंडात १ जानेवारी १९४९ पासून लग्नाने गेलेले नागरिकत्व परत मिळाले. आणि २०१४ साली अमेरिकेच्या सिनेटने १९०७ च्या कायद्याबद्दल खेद व्यक्त केला. तोवर त्या बायका कधीच निघून गेल्या होत्या.

आता आपल्या देशाचे. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याप्रमाणे परदेशी नवरा केला म्हणून भारतीय स्त्रीचे नागरिकत्व जात नाही. मात्र तिने आपण होऊन दुसऱ्या देशाचे घेतले तर आपले जाते, कारण दोन्ही ठेवता येत नाहीत. ओसीआय कार्ड मिळते. त्यावर येता-राहता येते, पण मत देता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. पुन्हा भारतीय व्हायचे तर अर्जापूर्वी सलग बारा महिने येथे राहावे लागते आणि दुसरे नागरिकत्व सोडावे लागते.

हे सारे मी शोधले ते माझ्या थोरल्या वन्संमुळे. त्यांनी अमेरिकेत पंचवीस वर्षे संसार केला, तेथील नागरिक झाल्या. यजमान वारल्यावर त्या आमच्याकडे आल्या. २०२४ च्या विधानसभेच्या मतदानाला आम्ही सगळी गेलो आणि त्या एकट्या घर राखीत बसल्या. आता त्यांनी अर्ज केला आहे. मुलगा व नातवंडे तिकडेच आहेत. अर्ज मंजूर झाला की त्यांना भेटायला जाताना व्हिसा मागावा लागेल, मिळेल न मिळेल. मंडळातही काही जणी म्हणाल्या, या वयात कशाला ही उठाठेव? मीही एकदा विचारले. वन्सं म्हणाल्या, “तिकडचा पासपोर्ट घेतला तो यांच्या नोकरीसाठी आणि मुलाच्या शिक्षणासाठी. हा मी माझ्यासाठी मागते आहे.” नातवाचा फोन आला की त्यांचे डोळे भरून येतात, हेही मी पाहते. तरी अर्ज त्यांनी मागे घेतला नाही.

मला वाटते, एथेलबाईंना आणि रूथबाईंना एवढेच हवे होते. देश कोणता हे नवऱ्याकडे पाहून ठरू नये. बाईला विचारावे, आणि तिने ठरवलेले मानावे. त्याची किंमत मोजायची तर तीही तिनेच समजून-उमजून मोजावी.

आपल्यापैकी अनेकींच्या लेकी-सुना परदेशी आहेत. त्यांना माझे एकच सांगणे, की जन्मदाखला, जुना भारतीय पासपोर्ट आणि तो परत केल्याचा दाखला, हे कागद जपून ठेवा. दागिन्यांच्या डब्यात ठेवलेत तरी चालेल. परत यावेसे वाटले तर दाराशी हेच विचारतात.