मुक्ताचा सवाल

उपासक-उपासिकांनो, वाचनाने आपल्या समाजाला काय दिले, हे सांगताना आम्हाला आधी मुक्ता साळवे आठवते. मांग समाजातली ही मुलगी पुण्यात जोतीराव-सावित्रीबाई फुल्यांच्या शाळेत शिकली. अस्पृश्याच्या पोराने पाटीला हात लावला तरी गाव खवळायचं, असा तो काळ.

१८५५ साली या शाळकरी पोरीचा महार-मांगांच्या दुःखावरचा निबंध 'ज्ञानोदय' पत्रात छापून आला. वेद जर ब्राह्मणांचेच, तर आम्हाला ग्रंथच नाही. मग आमचा धर्म कोणता, असा तिचा रोकडा सवाल होता. नुसतं पाठांतर करणाऱ्याला असा सवाल सुचत नाही.

आम्ही मानतो की, त्याला खरे उत्तर मिळाले ते १०१ वर्षांनी. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी लाखोंना धम्मदीक्षा दिली. त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर, १९५७ मध्ये, त्यांनी लिहिलेला 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ इंग्रजीत प्रसिद्ध झाला. ग्रंथ नाही म्हणणाऱ्यांच्या हाती ग्रंथ आला.

तो कापडात बांधून फळीवर ठेवू नका. लेकींना वाचायला द्या. वाचून त्यांनी आपल्यालाच सवाल केला, तर रागावू नका. मुक्ता तेच शिकली होती.

जयभीम!