मुक्त आज्ञावली आणि यजमानपदाचा प्रश्न : ‘कोहा’ ग्रंथालय-प्रणालीच्या इतिहासाच्या आधारे

१

कोणत्याही ग्रंथालयाच्या दृष्टीने त्याची ग्रंथतालिका ही ग्रंथांच्या खालोखाल मोलाची वस्तू होय. एखादा ग्रंथ हरवला तर त्याची दुसरी प्रत बहुधा मिळते. पण तो ग्रंथ संग्रहात होता, अमुक विषयाखाली होता, अमुक फडताळात होता, ही माहितीच नाहीशी झाली, तर संग्रह जागच्या जागी असूनही तो निरुपयोगी होतो. तालिका पत्रकांच्या रूपाने लाकडी खणांत ठेवली जात होती, तोवर ती कोणाच्या ताब्यात आहे हा प्रश्न उद्भवण्याचे कारण नव्हते. ज्याचे खण, त्याची तालिका. ती संगणकात गेल्यानंतर मात्र माहिती एकाची, ती वाचणारी आज्ञावली दुसऱ्याची आणि दोन्ही ज्यावर चालतात ते यंत्र तिसऱ्याचे, अशी विभागणी शक्य झाली. या तिघांपैकी खरा धनी कोण, हा गेल्या काही दशकांतील संगणकीय इतिहासाचा एक मध्यवर्ती प्रश्न आहे.

मुक्त आज्ञावली दुसऱ्याच्या सेवेतून न वापरता संस्थेने स्वतः सर्व्हरवर बसवावी आणि स्वतःच्या अधिकारात चालवावी, ही पद्धती आज बरीच रूढ झाली आहे. तिच्याकडे सामान्यतः तांत्रिक सोय म्हणून किंवा खर्चातील बचत म्हणून पाहिले जाते. परंतु तिचा उगम एका शब्दाच्या अर्थाने निर्माण केलेल्या अडचणीत आहे. तो शब्द म्हणजे ‘वितरण’. त्या शब्दाचा इतिहास पाहिल्याखेरीज या पद्धतीचे खरे महत्त्व ध्यानात येत नाही.

२

संगणकाच्या आरंभकाळात आज्ञावलीला स्वतंत्र मोल नव्हते. यंत्राबरोबर ती येई. १९६९ साली आयबीएम या कंपनीने आज्ञावली व यंत्र यांची आकारणी वेगवेगळी करण्याचे जाहीर केले, आणि त्यानंतर आज्ञावली ही विक्रीची वस्तू म्हणून स्थिरावत गेली. विक्री आली तसे निर्बंध आले. सोर्स कोड, म्हणजे माणसाला वाचता व दुरुस्त करता येईल अशी आज्ञावलीची मूळ संहिता, ग्राहकाच्या हाती पडेनाशी झाली.

या स्थितीविरुद्ध मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्या संस्थेतील रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली ‘ग्नू’ प्रकल्पाची घोषणा केली. आज्ञावली वापरण्याचे, तिचा अभ्यास करण्याचे, ती इतरांना देण्याचे आणि बदलून देण्याचे स्वातंत्र्य वापरकर्त्याला असावे, ही त्यामागील भूमिका होती. १९८९ साली निघालेल्या आणि १९९१ साली सुधारलेल्या जनरल पब्लिक लायसन्स या परवान्याने त्या भूमिकेला कायद्याचे रूप दिले. परवान्याचे मर्म असे : आज्ञावलीची प्रत, मूळ वा सुधारित, जो दुसऱ्याला देईल, त्याने तिची मूळ संहिताही त्याच अटींवर दिली पाहिजे.

हे बंधन केव्हा लागू होते हे नीट पाहिले पाहिजे. आज्ञावली नुसती चालविण्यावर परवान्याने कोणतेही बंधन घातलेले नाही. बंधन जन्माला येते ते प्रत एका हातातून दुसऱ्या हातात जाते त्या क्षणी, म्हणजे वितरणाच्या क्षणी. ज्या काळात हा परवाना लिहिला गेला त्या काळाला ही रचना पूर्णपणे साजेशी होती. ग्नूची ‘ईमॅक्स’ ही आज्ञावली १९८५ साली १५० डॉलरांना चुंबकीय फितीवर मिळत असे. आज्ञावली वापरायची तर तिची प्रत स्वतःजवळ हवी. प्रत हवी तर ती कोणीतरी द्यायला हवी. आणि देणे म्हणजेच वितरण. वापर आणि वितरण यांत अंतर पडू शकेल ही शक्यता तेव्हा दूरची होती. वापरकर्त्याच्या सगळ्या स्वातंत्र्याचा भार अशा रीतीने एका क्रियापदावर ठेवला गेला.

३

या परवान्याचा ग्रंथालयाच्या क्षेत्रातील सर्वांत बोधक प्रयोग न्यूझीलंडमध्ये झाला. उत्तर बेटावरील लेव्हिन या गावी असलेल्या होरोव्हेनुआ ग्रंथालय न्यासापुढे १९९९ साली एक अडचण उभी राहिली. त्याची देवघेव-प्रणाली जुनी होती आणि २००० हे साल उजाडल्यावर ती चालेल अशी शाश्वती नव्हती. नवी तयार प्रणाली विकत घेण्याऐवजी न्यासाने कॅटिपो कम्युनिकेशन्स या लहानशा कंपनीकडून ती लिहवून घेतली. जानेवारी २००० मध्ये ती कामाला लागली आणि त्याच वर्षी वरील परवान्याखाली सर्वांसाठी खुली करण्यात आली. पहिली मुक्त एकात्मिक ग्रंथालय-प्रणाली म्हणून ती ओळखली जाते.

तिला दिलेले ‘कोहा’ हे नाव माओरी भाषेतील आहे. कोहा म्हणजे देणगी; विशेषतः पाहुण्यांनी यजमानांच्या सभास्थानी येताना आणलेली भेट. परतफेडीची जाणीव त्या शब्दात अंगभूत आहे. घेणाऱ्याने कधीतरी, कोणत्यातरी रूपाने द्यायचे असते. परवान्याला जे कायद्याच्या भाषेत सांगावे लागले ते या नावाने रूढीच्या भाषेत सांगितले, असे म्हणता येईल.

आरंभीची काही वर्षे ही परस्परता अपेक्षेप्रमाणे चालली. अमेरिकेतील ओहायओ राज्यातील नेल्सनव्हिल येथील सार्वजनिक ग्रंथालयाने कोहा स्वीकारली, आणि ‘मार्क’ या आंतरराष्ट्रीय नोंदपद्धतीचा अंतर्भाव तीत व्हावा म्हणून खर्च सोसला. त्या सुधारणेचा लाभ केवळ नेल्सनव्हिलला न होता लेव्हिनलाही झाला, आणि पुढे जी जी ग्रंथालये या प्रणालीकडे वळली त्या सर्वांना झाला. प्रती हातोहात जात होत्या, म्हणून सुधारणाही हातोहात जात होत्या.

४

याच सुमारास वितरण या शब्दाखालची जमीन सरकू लागली. संगणनशक्ती विजेप्रमाणे दूरवरून पुरविता येईल ही कल्पना नवी नव्हती. जॉन मॅकार्थी यांनी ती १९६१ सालीच मांडली होती. ती सर्वसामान्यांच्या आवाक्यात आली ती मात्र पुष्कळ नंतर. ऑगस्ट २००६ मध्ये ॲमेझॉनने भाड्याने आभासी सर्व्हर देण्यास प्रारंभ केला. लहान सर्व्हरचे भाडे ताशी १० सेंट होते. एका प्रचंड यंत्राचे अनेक आभासी तुकडे करून ते स्वतंत्र यंत्रांसारखे वापरू देण्याचे तंत्र त्याआधीच सिद्ध झाले होते. ‘क्लाउड’ म्हणून ओळखला जाणारा सर्व्हर तो हाच. ढगाचे नाव असले तरी तो कोणाच्या तरी इमारतीत, कोणाच्या तरी मालकीच्या यंत्रावरच असतो.

याचा परिणाम असा झाला की आज्ञावली वापरण्यासाठी तिची प्रत जवळ असण्याची गरज उरली नाही. ती सेवादात्याच्या सर्व्हरवर चालते. वाचकाच्या पडद्यावर फक्त तिचे फळ उमटते. प्रत कोणाच्याही हाती जात नाही, म्हणून वितरण होत नाही. वितरण होत नाही, म्हणून मूळ संहिता देण्याचे बंधनही उत्पन्न होत नाही. सेवादात्याने मुक्त आज्ञावली घ्यावी, तीत हव्या त्या सुधारणा कराव्यात, सहस्रावधी लोकांना ती वापरू द्यावी आणि सुधारणा स्वतःजवळ ठेवाव्यात, यात परवान्याच्या एकाही अक्षराचा भंग होत नाही. अक्षर अबाधित राहिले आणि अर्थ मात्र निसटला.

ही फट काहींच्या लक्षात लवकर आली होती. २००२ साली अफेरो या कंपनीने, आणि नोव्हेंबर २००७ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने, अफेरो जनरल पब्लिक लायसन्स या नावाने वेगळा परवाना सिद्ध केला. सुधारलेली आज्ञावली जाळ्यावरून जे वापरतात त्यांनाही तिची मूळ संहिता मिळण्याची सोय असली पाहिजे, अशी अट त्यात आहे. परंतु २००७ सालच्याच मुख्य परवान्याच्या तिसऱ्या आवृत्तीत, प्रत न देता केवळ जाळ्यावरून होणारा व्यवहार हे ‘देणे’ नव्हे, असे स्पष्ट केले गेले. म्हणजे दोन अर्थ दोन परवान्यांत विभागले गेले. पुढे २०१८ साली मोंगोडीबी या कंपनीने आणखी कडक परवाना काढला, पण त्याला मुक्त परवाना म्हणून ओपन सोर्स इनिशिएटिव्हची मान्यता मिळाली नाही. शब्दाची व्याप्ती वाढविण्याचे हे सर्व प्रयत्न पाहिले म्हणजे मूळ शब्द किती अपुरा पडला होता याची कल्पना येते.

कोहाला हा अनुभव प्रत्यक्ष आला. लिबलाइम या अमेरिकी कंपनीने २००७ साली कॅटिपोचा कोहाविषयक व्यवसाय विकत घेतला आणि २००९ साली आपल्या ग्राहकांसाठी स्वतःच चालविलेली वेगळी आवृत्ती जाहीर केली. तीतील सुधारणा समाईक भांडारात परत येत नाहीत, अशी तक्रार इतर सहभागी विकासकांनी व ग्रंथालयांनी केली. या मतभेदातून त्यांनी स्वतःचे संकेतस्थळ आणि संहितेचे स्वतःचे भांडार उभारले. २०१० साली लिबलाइम पीटीएफएस या कंपनीच्या मालकीची झाली. २०११ साली न्यूझीलंडमध्ये ‘कोहा’ या नावावरच तिला व्यापारचिन्हाचा तात्पुरता हक्क मिळाला तेव्हा वादाने टोक गाठले. देणगीवाचक माओरी शब्दावर परकीय कंपनीचा हक्क, ही विसंगती कोणाच्याही नजरेतून सुटण्यासारखी नव्हती. होरोव्हेनुआ न्यासाच्या बाजूने अनेकांनी साहाय्य केले, आणि डिसेंबर २०१३ मध्ये तो हक्क नाकारणारा निर्णय झाला.

या प्रकरणात कोहाचा बचाव परवान्याने केला असे म्हणणे अर्धसत्य ठरेल. परवान्यामुळे आधीच्या प्रती सर्वांजवळ राहिल्या, एवढे खरे. पण सेवेच्या रूपाने चाललेल्या आवृत्तीपुढे तो मुका होता. प्रणाली टिकली, कारण ती स्वतः बसवून चालविणारी ग्रंथालये व संस्था पुरेशा संख्येने अस्तित्वात होत्या. ज्यांची तालिका दुसऱ्याच्या सेवेत होती त्यांना स्वतंत्र निर्णय घेणे अवघड होते. ज्यांची स्वतःच्या सर्व्हरवर होती त्यांना ते शक्य झाले.

५

स्वतः चालविणे ही गोष्ट त्या काळी सोपी नव्हती. कोहासारख्या प्रणालीला स्वतंत्र कार्यप्रणाली, संकेतस्थळ-सर्व्हर, माहितीसंच आणि पर्ल भाषेतील कितीतरी उपघटक लागतात. त्यांतील एकाची आवृत्ती जुळली नाही तरी सारे अडते. यावर दोन उपाय निघाले. पहिला, सर्व घटक परस्परांशी जुळवून एकत्र देणाऱ्या संपुटांचा. डेबियन या लिनक्स-आवृत्तीसाठी कोहाची अशी संपुटे मिळू लागली, आणि एकाच सर्व्हरवर अनेक ग्रंथालयांच्या स्वतंत्र तालिका चालविणे शक्य झाले. दुसरा उपाय कंटेनरचा. आज्ञावलीला तिच्यापुरते वेगळे आवार आखून देण्याची कल्पना १९७९ च्या युनिक्समध्ये बीजरूपाने होती. २०१३ साली ‘डॉकर’ने ती सर्वसुलभ केली. २०१५ च्या अखेरीस लेट्स एन्क्रिप्ट या उपक्रमाने सुरक्षित संपर्काची प्रमाणपत्रे सर्वांना विनामूल्य देण्यास प्रारंभ केला, आणि आणखी एक अडसर दूर झाला.

तरीही एक आक्षेप राहतो, आणि तो गंभीर आहे. सर्व्हरच भाड्याचा असेल तर ‘स्वतः चालविणे’ म्हणजे एक परावलंबन सोडून दुसरे पत्करणे नव्हे काय? काही अंशी ते खरे आहे. भाडे थकले तर यंत्र बंद होते, आणि ते कोणत्या देशाच्या कायद्याखाली आहे हेही महत्त्वाचे असते. परंतु दोन परावलंबनांत भेद आहे. सेवेच्या पद्धतीत आज्ञावली, नोंदींची रचना आणि त्या बाहेर काढण्याचा मार्ग ही तिन्ही सेवादात्याच्या हाती असतात. भाड्याच्या सर्व्हरवर फक्त यंत्र दुसऱ्याचे असते. माहितीसंचाची प्रत काढून तेच आवार दुसऱ्या घरमालकाकडे उभारता येते. अट इतकीच की ती प्रत नियमितपणे, यंत्राबाहेर, काढलेली असली पाहिजे आणि ती पुन्हा उभी राहते याची अधूनमधून परीक्षा घेतलेली असली पाहिजे. ही अट जेथे पाळली जात नाही तेथे स्वतंत्रता केवळ नावापुरती उरते.

६

इंग्रजी ‘होस्ट’ या शब्दासाठी मराठीत ‘यजमान’ हा शब्द सहज सुचतो, आणि तो या संदर्भात अधिक अर्थवाही आहे. व्युत्पत्तीने तो यज् या धातूचे आत्मनेपदी वर्तमानकालवाचक धातुसाधित होय. पाणिनीच्या नियमाप्रमाणे अशा उभयपदी धातूचे आत्मनेपद क्रियेचे फळ कर्त्याकडे जाते तेव्हा योजले जाते. ऋत्विज मंत्र म्हणतो, आहुती देतो, पण ते दुसऱ्यासाठी. म्हणून त्याच्या बाबतीत परस्मैपद. यजमानाला मंत्र येत नसतील, विधीही अवगत नसेल. पण संकल्प त्याचा, खर्च त्याचा आणि फळही त्याचे.

या भेदाने प्रस्तुत प्रश्नातील एक गैरसमज दूर होतो. यजमानपद स्वीकारणे म्हणजे प्रत्येक ग्रंथपालाने सर्व्हर राखण्याचे सर्व तंत्र शिकणे नव्हे. जाणकार ऋत्विज दक्षिणा देऊन नेमता येतो, आणि पटला नाही तर बदलताही येतो. संकल्प कोणाचा आणि फळ कोणाकडे, एवढेच सोडता येत नाही. तालिका, वाचकांच्या देवघेवीच्या नोंदी आणि त्या घेऊन बाहेर पडण्याचा अधिकार ही ती फळे होत. लेव्हिनच्या न्यासाने आज्ञावली स्वतः लिहिली नव्हती; लिहवून घेतली होती. तरीही तो यजमान होता.

भारतातील अनेक ग्रंथालये आज कोहा वापरतात; देशातील प्रबंधांचा ‘शोधगंगा’ हा कोशही ‘डीस्पेस’ या मुक्त आज्ञावलीवरच उभा आहे. अशा संस्थांत आज्ञावली मुक्त आहे काय, हा प्रश्न पुष्कळदा विचारला जातो व त्याचे उत्तर होकारार्थी येते. कोहाचा इतिहास पाहता तो प्रश्न आवश्यक असला तरी पुरेसा नाही. परवान्याची अक्षरे प्रतीबरोबर प्रवास करतात. प्रतच आली नाही तर तीही येत नाहीत. म्हणून आज्ञावली कोणत्या परवान्याखाली आहे याबरोबरच ती कोण चालवितो, माहितीसंचाची शेवटची प्रत केव्हा काढली आणि ती कोणाजवळ आहे, हेही विचारणे प्राप्त आहे. लाकडी खणांच्या काळी ज्या प्रश्नाचे उत्तर खोलीत पाऊल टाकताच मिळत असे, ते आता प्रयत्नपूर्वक मिळवावे लागते, इतकाच काय तो फरक.