धानाच्या बांधीतला चपळ

भंडाऱ्याजवळचे जवाहरनगर म्हटले की आयुध निर्माणी आठवते. 1964 पासूनची ती ओळख. भोवतालचा झाडीपट्टीचा मुलूख मात्र धानाचा. रोवणी आटोपून बांध्या हिरव्या झाल्या की धुऱ्यावरून चालताना एक तपकिरी पाखरू पायापाशी उडते आणि नजर पोचेपर्यंत पलीकडच्या पात्यावर जाऊन बसते. लोक त्याला पतंग समजतात. ते फुलपाखरू आहे. अंग जाड, डोके रुंद, मिशांची टोके आकड्यासारखी वळलेली. त्याच्या उडण्यावरून इंग्रजांनी या कुळाला स्किपर, म्हणजे उड्या मारणारे, म्हटले. मराठीत मला ‘चपळ’ हाच शब्द पटतो.

धानावर वाढणारे दोन चपळ विदर्भात नेहमीचे. दोघे दिसायला इतके सारखे की जाणकारही पंख निरखल्याशिवाय बोलत नाहीत. त्यांची नावे मात्र फार दुरून आली.

पहिल्याचे नाव तमिळनाडूच्या किनाऱ्यावरून आले. तरंगंबाडीला तेव्हा डेन्मार्कची वखार होती. तिथला नमुना फाब्रिसियस या डॅनिश पंडिताकडे पोचला आणि 1798 मध्ये त्याने त्याला ‘हेस्पेरिया मथियास’ म्हटले. दुसऱ्याची हकीकत मला जास्त आवडते. तैवानच्या ताकाव बंदरात रॉबर्ट स्विन्हो हा इंग्रज वाणिज्यदूत कीटक गोळा करी. त्याच्या संग्रहाची यादी आल्फ्रेड रसेल वॉलेस आणि फ्रेडरिक मूर यांनी 1866 मध्ये छापली; तीत वॉलेसने ‘हेस्पेरिया सिन्नारा’ हे नाव दिले. उत्क्रांतीच्या विचारात डार्विनच्या बरोबरीने ज्याचे नाव घेतात, तोच हा वॉलेस.

तेव्हा हेस्पेरिया ही प्रजाती म्हणजे एक मोठी पेटी होती. जो चपळ सापडेल तो तिच्यात. ती रिकामी करायला दीडशे वर्षे लागली. मथियास ‘पेलोपिडास’ या प्रजातीत गेला. सिन्नारासाठी ब्रिगेडियर विल्यम हॅरी एव्हान्स यांनी 1949 मध्ये ‘बोर्बो’ ही नवी प्रजाती केली. एव्हान्स सैन्यातले इंजिनिअर. हिंदुस्थानात नोकरी केली आणि निवृत्तीनंतर लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये बसून चपळांचा संसार लावला. मथियासच्या नराच्या पुढच्या पंखावर गंधखवल्यांची तिरपी रेघ असते, सिन्नाराला ती नसते. घरे वेगळी करताना असल्या खुणा पाहाव्या लागतात.

या दोघांच्या अळ्या हिरव्या. धानाचे पाते रेशमाने शिवून त्याची नळी करतात आणि आत लपतात. शेतकऱ्याची ओळख असते ती या अळीशी. पुढे तिचे होणारे फुलपाखरू त्याच्या हिशेबात नसते.

आपल्याकडची नोंदही जुनी आहे. नागपूरच्या संग्रहालयाने 1931 मध्ये डी’अब्रू यांची मध्य प्रांतातल्या फुलपाखरांची यादी प्रसिद्ध केली. भंडारा तेव्हा त्याच प्रांतातला जिल्हा. 2011 मध्ये आशिष टिपले यांनी विदर्भातल्या 167 जाती नोंदवल्या. त्यांत 34 चपळ कुळातल्या.

तरंगंबाडी, ताकाव, लंडन असा प्रवास केलेल्या या नावांत झाडीपट्टीचा एकही शब्द नाही, याची मला खंत वाटते. बांधीत राबणाऱ्या माणसांनी या पाखराला आपल्या बोलीत हाक मारायला हवी. तुमच्या गावात त्याला काही म्हणत असतील, तर ते नाव म्हाताऱ्यांकडून विचारून लिहून ठेवा.