नऊ गाण्यांची प्रतीक्षा

एखाद्या कवीचें पहिलें पुस्तक छापून होण्यापूर्वींच त्याची कीर्ति शहरभर पसरावी, आणि तें पुस्तक दुकानांत येण्याच्या अगोदर त्याच्या चोरट्या प्रती रस्त्यावर विकल्या जाव्या, असा प्रसंग वाङ्मयाच्या इतिहासांत विरळाच. न्यूयॉर्क शहरांत मात्र १९९१ ते १९९४ या तीन वर्षांत तो घडला. कवीचें नांव नासिर जोन्स. रसिकांत रूढ झालेलें नांव नास. पुस्तकाच्या जागीं होती एक ध्वनिमुद्रिका, आणि तिचें नांव ‘इलमॅटिक’.

रॅप हा शब्द आतां मराठी घरांतहि परका राहिलेला नाहीं. गाण्याप्रमाणें स्वर न लावतां, परंतु ठेक्याशीं घट्ट बांधून यमकबद्ध बोलणें, हें त्याचें स्थूल स्वरूप. ११ ऑगस्ट १९७३ रोजीं न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागांतील एका इमारतींत कूल हर्क या तबकडी-वादकानें रंगविलेला नाचाचा जलसा हा या कलेचा आरंभ, असें मानण्याचा प्रघात आहे. पुढच्याच महिन्यांत, १४ सप्टेंबर रोजीं, नासचा जन्म झाला. कला आणि कलावंत असे एकाच वर्षाचे.

नासचें बालपण क्वीन्सब्रिज येथें गेलें. क्वीन्सबरो पुलाच्या पायथ्याशीं १९३९-४० च्या सुमारास उभारलेली ही सरकारी भाड्याच्या घरांची वसाहत त्या देशांतील अशा वसाहतींत सर्वांत मोठी गणली जाते. सहा-सहा मजल्यांच्या ९६ इमारती आणि त्यांत तीन हजारांहून अधिक बिऱ्हाडें. १९८० नंतरच्या दशकांत स्वस्त कोकेनच्या व्यसनानें, आणि त्यामागून आलेल्या पिस्तुलांनीं, या वस्तीचे फार हाल केले. नासचे वडील ओलू डारा हे जॅझ संगीतांतले नामांकित कॉर्नेटवादक. घरांत वाद्यें होतीं, पुस्तकें होतीं. तथापि मुलानें आठव्या इयत्तेनंतर शाळा सोडली. पुढचें शिक्षण झालें तें घरच्या पुस्तकांवर आणि खिडकीखालच्या रस्त्यावर.

या वस्तीला आपला अभिमान होता, आणि त्या अभिमानाला एक जखमहि होती. १९८६ सालीं क्वीन्सब्रिजच्या मार्ली मार्ल आणि एम्. सी. शान या जोडीनें आपल्या वसाहतीची थोरवी सांगणारें गाणें काढलें. या कलेचें माहेर तें आपलें, असें मानणाऱ्या ब्राँक्सच्या मंडळींस तें झोंबलें. के. आर. एस्. वन याच्या संचानें त्याला तिखट उत्तर दिलें, आणि १९८७ च्या दुसऱ्या गाण्यांत तर क्वीन्सब्रिजची सद्दी संपली असा निकालच देऊन टाकला. कलगी-तुऱ्याच्या फडांत सवालास जबाब न सुचला म्हणजे साऱ्या पक्षाची मान खालीं जाते. त्याचप्रमाणें या वस्तीचें झालें. नवा शाहीर उभा राहील काय, या विचारांत तिचीं पुढचीं कांहीं वर्षें गेलीं.

१९९१ च्या उन्हाळ्यांत मेन सोर्स या संचाच्या ध्वनिमुद्रिकेवर एक गाणें आलें. चौघांनीं मिळून म्हटलेल्या त्या गाण्याचें पहिलें कडवें सतरा वर्षांच्या एका अनोळखी मुलाचें होतें. तें एकच कडवें ऐकून जाणते श्रोते चमकले. चरणाच्या अखेरीस एक यमक साधणें ही या कलेची जुनी रीत. राकिम या श्रेष्ठ रॅपकारानें चरणाच्या पोटांतहि यमकें पेरण्याची वाट १९८६ नंतर दाखविली होती. हा मुलगा त्या वाटेनें आणखी पुढें गेला. मोरोपंतांच्या यमकांशीं परिचित असलेल्या मराठी वाचकास या कारागिरीचें मर्म सहज कळेल. भेद एवढाच कीं येथें अर्थ क्षणभरहि थांबत नव्हता, आणि वर्णन होतें तें डोळ्यांसमोरच्या गल्लीचें. ‘दुसरा राकिम आला’ असें लोक बोलूं लागले.

या बोलण्यास नभोवाणीनें पंख दिले. कोलंबिया विद्यापीठाच्या केंद्रावरून १९९० पासून स्ट्रेच आर्मस्ट्राँग आणि बॉबिटो हे दोघे तरुण एक कार्यक्रम करीत. वेळ होती गुरुवारच्या मध्यरात्रीनंतर एक ते पहांटे पांच. ज्यांच्याशीं कोणत्याहि कंपनीनें करार केलेला नाहीं असे रॅपकार तेथें येऊन आपल्या नव्या रचना म्हणत, आणि नासहि त्यांतलाच एक होता. श्रोते तो कार्यक्रम कॅसेटवर उतरवून घेत, आणि त्या कॅसेटींच्या पुन्हा प्रती होत. १९९२ सालीं एका चित्रपटाच्या संगीतांत त्याचें ‘हाफटाइम’ हें पहिलें स्वतंत्र गाणें आलें, आणि कोलंबिया कंपनीशीं करारहि झाला. त्याच वर्षीं वरच्या मजल्यावर राहणारा त्याचा जिवलग बालमित्र वसाहतींतच गोळी लागून मेला. धाकटा भाऊहि त्या प्रसंगीं जखमी झाला. रसिक ज्याची वाट पाहत होते तें काव्य आतां केवळ यमकांचें कौतुक राहिलें नाहीं. त्यांत एका पिढीचा हिशेब उतरूं लागला.

ध्वनिमुद्रिकेच्या घडणींतहि या अपेक्षेचा हात दिसतो. त्या काळीं एका रॅपकाराचें सर्व संगीत बहुधा एकाच संगीतकाराच्या हातचें असे. जुन्या तबकड्यांतून चार-दोन मात्रांचे तुकडे निवडून, ते पुनःपुन्हा फिरवून, त्यांवर नगाऱ्याचा ठेका बसविणें हें त्याचें काम. नाससाठीं मात्र डी. जे. प्रीमियर, पीट रॉक, क्यू-टिप आणि लार्ज प्रोफेसर असे त्या शहरांतील अग्रगण्य संगीतकार एकत्र आले, आणि सोबतीस वसाहतींतला एल्. ई. एस्. हि होता. एका गाण्याच्या अखेरीस वडिलांचा कॉर्नेट वाजतो. मुखपृष्ठावर नासचें सातव्या वर्षींचें छायाचित्र आहे. त्या बालमुखाच्या पाठीशीं, किंबहुना त्याच्या आरपार, रस्ता आणि इमारती दिसतात.

परंतु अतिउत्कंठेस एक काळी बाजूहि असते. अपुऱ्या ध्वनिमुद्रणाच्या प्रती बाहेर फुटल्या, आणि रस्तोरस्तीं त्यांची चोरटी विक्री सुरूं झाली. निर्मितीवर देखरेख करणाऱ्या एम्. सी. सर्च यानें पुढें सांगितलें आहे कीं, एका गॅरेजमध्यें अशा साठ हजार प्रती त्यास आढळल्या. काम लवकर आटोपावें लागलें, आणि ध्वनिमुद्रिका नऊ गाणीं व एक प्रास्ताविक एवढ्यावरच थांबली. एकूण काळ चाळीस मिनिटांच्या आंतला. ज्यांनीं त्या प्रती विकत घेतल्या ते या कलावंताचे वैरी नव्हते. ते त्याचे भक्तच होते. प्रेमाला धीर नसला म्हणजे तें आपल्याच दैवताच्या नैवेद्यावर हात मारतें, याचें हें ठळक उदाहरण होय.

१९ एप्रिल १९९४ रोजीं ‘इलमॅटिक’ प्रसिद्ध झाली. हार्वर्डच्या दोघां विद्यार्थ्यांनीं १९८८ सालीं काढलेलें ‘द सोर्स’ हें मासिक त्या वेळीं या कलेचें प्रमाण मानलें जाई. गुणांकनासाठीं तें मायक्रोफोनचीं चित्रें छापी. पांच मायक्रोफोन म्हणजे पूर्ण गुण, आणि ते क्वचितच मिळत. एका तरुण लेखिकेच्या परीक्षणानें ते एका वीस वर्षांच्या मुलाच्या पहिल्याच कृतीस दिले, आणि ‘हें अति झालें’ व ‘हें योग्यच झालें’ असे दोन तट पडले.

बाजाराचा कौल मात्र निराळा होता. पहिल्या आठवड्यांत साठ हजारांच्या जवळपास प्रती खपल्या, आणि राष्ट्रीय यादींत बारावा क्रमांक मिळाला. पांचच महिन्यांपूर्वीं, नोव्हेंबर १९९३ मध्यें, कॅलिफोर्नियाच्या स्नूप डॉगची ‘डॉगीस्टाइल’ ही अशीच बहुप्रतीक्षित पहिली ध्वनिमुद्रिका आली होती. तिच्या पहिल्या आठवड्यांत सुमारें आठ लाख प्रती गेल्या आणि ती एकदम पहिल्या क्रमांकावर चढली. उत्कंठा दोन्हीकडे होती, पण तिची जात वेगळी होती. एकीकडे दूरचित्रवाणीवर रोज दिसणाऱ्या चेहऱ्याची साऱ्या देशास लागलेली ओढ. दुसरीकडे एका शहरांतील जाणत्यांनीं मध्यरात्रीं जागून जपलेली आशा. पहिली मोजतां येते. दुसरीला वेळ लागतो. ‘इलमॅटिक’ला पांच लाखांचा टप्पा अधिकृतपणें गांठण्यास जानेवारी १९९६ उजाडला, आणि दहा लाखांच्या टप्प्यास डिसेंबर २००१.

त्यानंतर मानाचीं पानें आपोआप आलीं. हार्वर्ड विद्यापीठांत २०१३ सालीं नासच्या नांवें या कलेच्या अभ्यासासाठीं शिष्यवृत्ति स्थापन झाली. मार्च २०२१ मध्यें अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयानें जतन करण्याजोग्या ध्वनिमुद्रणांच्या यादींत ‘इलमॅटिक’चें नांव जाहीर केलें. आठवी इयत्ता सोडून गेलेल्या मुलाच्या चाळीस मिनिटांवर आतां विद्वान ग्रंथ लिहितात. याची किंमत मात्र कवीलाच द्यावी लागली. १९९६ ची त्याची दुसरी ध्वनिमुद्रिका थेट पहिल्या क्रमांकावर गेली, तरी रसिकांनीं तिच्या शेजारीं पहिलीच ठेवून मोजमाप केलें, आणि पुढच्या प्रत्येक कृतीच्या वांट्यास तीच तुलना आली.

या कथेचा एक धागा मुंबईपर्यंत येतो. अंधेरीच्या वस्तींतून वर आलेल्या ‘डिव्हाइन’ या रॅपकारानें २०१५ सालीं नेझीसह म्हटलेलें गल्लीचें गाणें तरुणांच्या तोंडीं बसलें. त्या दोघांच्या जीवनावरून स्फुरलेल्या ‘गली बॉय’ या २०१९ च्या चित्रपटाच्या कार्यकारी निर्मात्यांत नासचें नांव होतें. त्याच वर्षीं नास भागीदार असलेल्या कंपनीची भारतीय शाखा निघाली, आणि ‘डिव्हाइन’ची ‘कोहिनूर’ ही पहिली दीर्घ ध्वनिमुद्रिका तिच्यामार्फत ऑक्टोबरांत बाहेर पडली. तिचीहि वाट पाहणारे तरुण गल्लोगल्लीं होते.

ज्या वस्तींची नांवें वृत्तपत्रांत केवळ गुन्ह्यांच्या रकान्यांत येतात, त्यांना आपल्या नांवाचा उच्चार दुसऱ्या कारणानें ऐकावयाचा असतो. क्वीन्सब्रिज नासची वाट पाहत होतें तें याच भुकेनें. अशा भुकेचा आंकडा पहिल्या आठवड्याच्या विक्रींत उमटत नाहीं. पण ती ओळखून तिला शब्द देणारा एकजण निघाला, तर त्या वस्तीची मान पुढें पुष्कळ वर्षें ताठ राहते.