‘वर्गणी’चे दोन तुकडे

गणपतीच्या तोंडावर मी कसबा पेठेतल्या एका मंडळाचा मेल सर्व्हर अपग्रेड केला. चार दिवसांनी खजिनदारकाकांचा फोन आला, "अरे, लोक विचारतायत, वर्गणी भरली, मेलही केला, मग पावती कुठाय? मंडळाची अब्रू जाईल रे." ते सगळे मेल स्पॅममध्ये पडले होते.

स्पॅमचा इतिहास सहसा मे १९७८ पासून सांगतात. गॅरी थुर्क यांनी अर्पानेटवरच्या सुमारे ४०० जणांना कॉम्प्युटरची जाहिरात पाठवली होती. पुढे ऑगस्ट २००२ मध्ये पॉल ग्रॅहम यांच्या लेखाने एक सोपा उपाय लोकप्रिय केला. चांगल्या आणि नकोशा मेलचे दोन ढीग करायचे, कोणता शब्द कुठे किती येतो ते मोजायचे आणि त्यावरून नव्या मेलची शक्यता काढायची. गणित थॉमस बेझचे, त्याच्या मृत्यूनंतर १७६३ मध्ये छापलेले.

पण ‘शब्द’ म्हणजे काय? ग्रॅहम यांनी अक्षरे, अंक, जोडरेघ, अपॉस्ट्रॉफी आणि डॉलरचे चिन्ह धरले. बाकी काहीही आले की शब्द संपला. इंग्रजीला हे पुरते.

देवनागरीचे तसे नाही. आयआयटी कानपूरमधले जिस्टचे काम पुढे पुण्यातल्या सी-डॅकने वाढवले आणि १९९१ मध्ये इस्की हे भारतीय मानक ठरले. युनिकोडची देवनागरीही इस्कीच्याच १९८८ च्या आराखड्यावर बेतलेली. तिच्यात काना, वेलांटी, हलन्त यांना स्वतंत्र क्रमांक आहेत.

माझी जुनी स्क्रिप्ट मोकळी जागा दिसली की शब्द तोडायची. पायथन ३ साठी ती नव्याने लिहिताना मी ‘\w+’ हा तयार नमुना वापरला. पायथन मात्रा आणि हलन्त यांना अक्षर मानत नाही. त्यामुळे ‘वर्गणी’चे ‘वर’ आणि ‘गण’ झाले. ‘घरावर कर्ज’ या जाहिरातीतूनही ‘वर’च निघाला. फिल्टरने शिकवले तेच इमानाने शिकले होते.

नमुन्यात देवनागरीची चिन्हे घातली, जुना डेटाबेस पुसला, दोन्ही ढीग पुन्हा शिकवले. ‘वर्गणी’ अखंड झाली.

मग काका आणि मी स्पॅमचा फोल्डर उघडून बसलो आणि एकेका मेलला हाताने उत्तर दिले. प्रत्येकात पहिली ओळ एकच होती: उशिराबद्दल क्षमस्व.