इच्छा कुणाची? पडद्यावरच्या शृंगाराचा मागोवा

पडद्यावरच्या शृंगाराचं मूळ शोधायला निघालो, तर आपल्याला सिनेमाच्या जन्माच्या फार मागे, सातवाहनांच्या काळापर्यंत जावं लागतं. हाल सातवाहनाच्या नावावर असलेली ‘गाथासप्तशती’ सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची मानली जाते. महाराष्ट्री प्राकृतातल्या या सातशे मुक्तकांत राजवाडे कमी आणि शेतं, पाणवठे, गोदावरीचा काठ, घरातली सासू, परगावी गेलेला नवरा हे अधिक. आणि बोलणारी बहुतेक वेळा स्त्री असते. कुणी मैत्रिणीला संकेतस्थळ सुचवते, कुणी वाटसरूला आडवळणानं मुक्कामाचं आमंत्रण देते, कुणी नवऱ्याच्या वाटेकडे डोळे लावून बसते. आपल्याला काय हवं ते तिला ठाऊक आहे आणि ते सांगायची तिची रीतही तिच्यापाशी आहे. स. आ. जोगळेकरांनी १९५६ मध्ये ही गाथा विस्तृत विवेचनासह मराठीत आणली, तेव्हा अनेक वाचकांना आपल्याच मातीतला हा मोकळेपणा नव्यानं कळला. चित्रपटांच्या इतिहासात पडद्यावर किती दिसलं, कात्री कुठे लागली, याची चर्चा पुष्कळ होते. दिसलेली इच्छा कुणाची होती, हा प्रश्न मात्र मागे राहतो. आपण तोच धागा धरून पुढे येऊ.

पुढचा मोठा मुक्काम उत्तर पेशवाईतला. राम जोशी, होनाजी बाळा, परशराम, सगनभाऊ, प्रभाकर यांच्या लावण्यांनी मराठी शृंगाराला ताल दिला, ठसका दिला. लावणीत बोलणारी बहुधा बाईच. पण रचणारा शाहीर पुरुष, तमाशाच्या फडात बाईचं सोंग घेणारा नाच्या पुरुष आणि समोर बसून शीळ घालणाराही पुरुषच. बाईची इच्छा अशी तीन पुरुषांच्या हातून फिरून पुन्हा पुरुषापर्यंत येई. सिनेमानं ही व्यवस्था जशीच्या तशी उचलली. दादासाहेब फाळक्यांना १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’साठी स्त्री-कलाकार मिळेना, म्हणून तारामती झाले ते उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके. या चित्रपटाच्या आज पाहायला मिळणाऱ्या आवृत्तीत अंतःपुरातल्या स्त्रिया हौदात जलक्रीडा करतात. ओलेती नायिका पुढे हिंदी पडद्याची कायमची रहिवासी झाली. तिचे हे पूर्वज ओल्या लुगड्यांतले पुरुष होते. त्याच वर्षीच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई या दोघी पडद्यावर आल्या. देह बाईचा झाला. इच्छा तिची व्हायला अजून बराच अवकाश होता.

१८९६ हे साल या कथेत दोनदा येतं. अमेरिकेत एडिसनच्या कंपनीनं मे अर्विन आणि जॉन राइस या दोन प्रौढ नटांना कॅमेऱ्यासमोर बसवलं आणि त्यांच्या गाजत्या नाटकातला शेवटचा क्षण टिपला. जेमतेम १८ सेकंदांच्या या ‘द किस’वर शिकागोच्या एका नियतकालिकानं तोंडसुख घेतलं. चुंबनाबरोबर चुंबनाची तक्रारही जन्माला आली. त्याच वर्षी ७ जुलैला मुंबईत काळा घोड्याजवळच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या चित्रांचा खेळ झाला आणि आपल्याकडे सिनेमा अवतरला. तक्रारीला कायद्याचं बळ मिळालं ते १९१८ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यानं. १९२० मध्ये मुंबई, कलकत्ता, मद्रास आणि रंगून इथे सेन्सॉर मंडळं बसली. गोऱ्या सरकारचा डोळा मुख्यतः राजद्रोहावर होता. शृंगाराकडे त्याची नजर तुलनेनं सैल होती, म्हणूनच १९२९ च्या ‘प्रपंच पाश’मध्ये सीतादेवी आणि चारू रॉय यांचं चुंबन सहज येऊन जातं.

१९३३ चा ‘कर्मा’ हा या वाटेवरचा सर्वांत दंतकथाग्रस्त चित्रपट. हिमांशू रॉय आणि देविका राणी हे पडद्यावरचं जोडपं प्रत्यक्षातही नवरा-बायको. त्यांचं चुंबन चार मिनिटांचं होतं, असं आजही ठोकून दिलं जातं. प्रत्यक्षात दृश्य बरंच लहान आहे, आणि मिनिटं मोजण्याच्या नादात त्यातली खरी गंमत निसटते. राजपुत्राला साप चावला आहे, तो निपचित पडला आहे, आणि राजकन्या त्याला जागं करण्यासाठी पुन्हा पुन्हा त्याच्या ओठांवर झुकते. पुरुष बेशुद्ध, पुढाकार पूर्णपणे स्त्रीचा. भारतीय पडद्यावरच्या सर्वांत गाजलेल्या चुंबनात इच्छा तिची होती, आणि नेमकी तीच गोष्ट नंतरच्या चर्चेत कुणाच्या ध्यानात राहिली नाही.

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटलं. १९५१ मध्ये केंद्रीय सेन्सॉर मंडळ आलं, १९५२ मध्ये नवा कायदा आला. कायद्याच्या मजकुरात चुंबनाला नाव घेऊन मनाई नव्हती, पण नव्या राष्ट्राच्या सोवळेपणानं ती व्यवहारात आणली. दोन फुलं एकमेकांवर डुलू लागली की काय ते प्रेक्षकानं समजून घ्यायचं, असा करार झाला. सामान्य दिग्दर्शकांनी या आडोशामागे आळस लपवला. थोरांनी त्यातून नवी भाषा घडवली. १९५७ च्या ‘प्यासा’मध्ये रस्त्यावर जोगीण कीर्तन गाते आहे, गच्चीवर कवी विजय पाठमोरा उभा आहे, आणि गुलाबो जिना चढून त्याच्याकडे जाते आहे. गाणं राधेच्या विरहाचं, तृष्णा एका वेश्येची. ती त्याच्या खांद्यापर्यंत पोहोचते, थबकते, मागे फिरते. त्याला काही कळतही नाही. स्पर्श एकही नाही, आणि तरी वहिदा रेहमानच्या त्या चार पावलांच्या तोडीचा शृंगार हिंदी पडद्यावर क्वचितच सापडेल. १९६० च्या ‘मुघल-ए-आझम’मध्ये के. आसिफनं सलीमच्या हाती पांढरं पीस दिलं. ते अनारकलीच्या चेहऱ्यावरून फिरत राहतं आणि पार्श्वभूमीला तानसेन म्हणून बडे गुलाम अलींचा आवाज सोहनी आळवत राहतो. या चित्रीकरणाच्या काळात दिलीपकुमार आणि मधुबाला यांचं बोलणं बंद झालं होतं, हे दिलीपकुमारांनीच आत्मचरित्रात नोंदवून ठेवलं आहे. पडद्यावर त्याचा मागमूस नाही.

याच दशकात दोन बंगाली कथांनी बाईच्या बाजूनं दार किलकिलं केलं. ‘साहिब बीबी और गुलाम’ (१९६२) बिमल मित्रांच्या कादंबरीवरचा. त्यातली छोटी बहू नवऱ्याचा सहवास मागते, उघड मागते, त्यासाठी दारूचा प्यालाही तोंडाला लावते. कुलवधूला शरीर असतं, हे मीनाकुमारीनं एवढ्या धीटपणे दाखवलं की प्रेक्षक गांगरले. बग्गीतून जाताना ती भूतनाथच्या मांडीवर डोकं टेकते, हे दृश्य लोकांना खटकल्यावर गुरुदत्तनी ते काढून टाकलं. सेन्सॉरनं सोडलेलं प्रेक्षकांनी कापलं, असं हे उदाहरण. दोन वर्षांनी सत्यजित राय यांची ‘चारुलता’ आली. रवींद्रनाथांच्या ‘नष्टनीड’वर बेतलेल्या या चित्रपटाचा आरंभ जरूर पाहावा. रिकाम्या दुपारी चारू दांड्याची दुर्बीण घेऊन या खिडकीतून त्या खिडकीत जाते, रस्त्यावरची माणसं न्याहाळते. मग नवरा पुस्तकात डोकं घालून तिच्या शेजारून निघून जातो, तेव्हा ती दुर्बिणीतून त्यालाही दूर जाताना पाहते. पुढे बागेत झोक्यावर बसून ती तशीच अमलकडे पाहते. तोवर पडद्यावर बाई ही पाहिली जायची वस्तू होती. इथे पाहण्याचं साधन तिच्या हाती आलं. या साऱ्या इतिहासातलं हे सर्वांत मोठं वळण, आणि ते कुठल्याही गाजावाजाशिवाय घेतलं गेलं.

१९६९ मध्ये दोन गोष्टी एकदम घडल्या. न्यायमूर्ती जी. डी. खोसला समितीनं अहवाल दिला आणि कथेची गरज असेल तर चुंबनाला हरकत नसावी, असं स्वच्छ म्हटलं. त्याच वर्षी शक्ती सामंत यांनी ‘आराधना’त पावसातल्या रात्रीचं एक अख्खं गाणं मध्ये कुठेही न तोडता एका दमात चित्रित केलं. मध्ये शेकोटी, भोवती फिरणारा कॅमेरा, एकमेकांना टाळत जवळ येणारे दोन जीव. अहवालाला जे परवानगीनं हवं होतं, ते सामंतांनी परवानगीची वाट न पाहता मिळवलं. पुढच्या वर्षी राजिंदरसिंग बेदींचा ‘दस्तक’ आणि बी. आर. इशारा यांचा ‘चेतना’ आला. रेहाना सुलताननं दोन्हींत काम केलं. ‘दस्तक’मधलं नवविवाहित जोडपं मुंबईत अशा खोलीत राहायला येतं, जिथे आधी गाणारी वेश्या राहत होती. रात्रीबेरात्री दार ठोठावणारी अनोळखी माणसं त्यांच्या स्वतःच्या शय्येवरही सावली टाकतात. शृंगाराला एकांत लागतो आणि शहरात तो भाड्यानंही मिळत नाही, हे सांगणारा हा चित्रपट आज फारसा कुणी पाहत नाही. तो आवर्जून पाहावा.

मराठीपुरता विचार केला, तर आपल्याला १९७२ च्या ‘पिंजरा’पाशी थांबणं भाग आहे, कारण त्याची वंशावळ लांबवर जाते. हाइनरिश मान या जर्मन लेखकाची ‘प्रोफेसर उनराट’ ही कादंबरी १९०५ ची. तिच्यावर योसेफ फॉन स्टर्नबर्गनं १९३० मध्ये ‘द ब्ल्यू एंजल’ काढला, आणि मार्लेन डीट्रिश जगाला ठाऊक झाली. कडक शिस्तीचा मास्तर गाणारणीच्या नादी लागतो आणि अखेर विदूषक बनून रंगमंचावर कोंबड्यासारखा आरवतो. व्ही. शांताराम यांनी हा मास्तर मराठी खेड्यात आणला. फडाला गावाबाहेर काढणाऱ्या गुरुजींना तमाशात तुणतुणं धरून उभं करीन, असा पण चंद्रकला करते आणि तडीस नेते. संध्याची ठसक, डॉ. श्रीराम लागूंचं ढासळत जाणं, राम कदमांचं संगीत, जगदीश खेबुडकरांची गीतं, सारं अव्वल. गुरुजींना स्वतःच्याच खुनाच्या आरोपाखाली शिक्षा होते, हा शेवट तर मूळ जर्मन कथेहून तिखट आहे. तरीही आपला प्रश्न इथे विचारला, तर उत्तर जुनंच मिळतं. इच्छा मास्तरांची, अधःपात मास्तरांचा. चंद्रकला आधी सूड आहे आणि मग पश्चात्ताप.

हे उत्तर बदललं पाच वर्षांनी, आणि तेही तमाशापटाच्या पोटातूनच. १९४७ चा ‘लोकशाहीर राम जोशी’ आणि १९५९ चा अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ या दोन्ही चित्रपटांनी हंसा वाडकरांना घराघरात नेलं. त्याच नावाचं त्यांचं आत्मकथन अरुण साधूंच्या शब्दांकनातून आलं आणि १९७० मध्ये पुस्तकरूपानं प्रसिद्ध झालं. त्यावर श्याम बेनेगल यांनी १९७७ मध्ये ‘भूमिका’ केला. तो सुरू होतो तोच लावणीच्या चित्रीकरणानं: स्मिता पाटील नाचते आहे, कॅमेरा तिच्याकडे पाहतो आहे. मग कॅमेरा थांबतो आणि त्या नाचणारीला काय हवं आहे, हे आपण पुढचे दोन तास पाहतो. तिला पुरुष हवे आहेत, घर हवं आहे, अंगण ओलांडायची मोकळीक हवी आहे, आणि या तिन्ही गोष्टी एकत्र कुणी देत नाही. एका श्रीमंताच्या वाड्यात तिला आदर, मूल, स्वयंपाकघर सारं मिळतं. बाहेर पडायची परवानगी तेवढी मिळत नाही. दीडशे वर्षं लावणीतून बोलवली गेलेली बाई इथे स्वतःच्या तोंडानं बोलली.

त्यानंतरचा रस्ता आपण भरभर चालू, कारण तो अनेकांच्या आठवणीतला आहे. १९८४ मध्ये रायनी ‘घरे बाइरे’त आपल्या कारकिर्दीतलं पहिलं चुंबन चित्रित केलं. दीपा मेहतांचा ‘फायर’ (१९९६) दोन जावांच्या प्रेमाचा. तो सेन्सॉरनं एकही दृश्य न कापता संमत केला होता. पण डिसेंबर १९९८ मध्ये शिवसैनिकांनी मुंबईतल्या चित्रपटगृहांवर मोर्चे नेऊन तोडफोड केली, चित्रपट पुन्हा मंडळाकडे गेला आणि १९९९ च्या फेब्रुवारीत तसाच परतला. २०१७ मध्ये ‘लिपस्टिक अंडर माय बुरखा’ला आधी प्रमाणपत्रच नाकारलं गेलं. त्यातली पन्नाशी ओलांडलेली बुआजी चोरून प्रणयकादंबऱ्या वाचते. रत्ना पाठक-शाह यांची ही भूमिका छोट्या बहूची शहाणी वारसदार आहे. त्याच वर्षी रवी जाधवांचा ‘न्यूड’ गोव्याच्या महोत्सवातल्या ‘इंडियन पॅनोरमा’तून ऐनवेळी वगळला गेला. त्यात पोटासाठी चित्रकला महाविद्यालयात विवस्त्र बसणाऱ्या बाईच्या देहाकडे विद्यार्थी रेषा म्हणून पाहतात आणि बाहेरचं जग पाप म्हणून. दरम्यान २०१६ मध्ये नागराज मंजुळेंच्या ‘सैराट’नं आर्चीला बुलेटवर बसवलं, आपल्याला हवा तो मुलगा तिनं निवडला आणि जातीनं त्या निवडीची किंमत वसूल केली.

आज आपण जिथे उभे आहोत, तिथे रोहन परशुराम कानवडे यांचा ‘साबर बोंडं’ आहे. २०२५ मध्ये सनडान्स महोत्सवात जागतिक चित्रपटांच्या कथापट विभागाचं सर्वोच्च पारितोषिक त्यानं मिळवलं. वडिलांच्या दहा दिवसांच्या सुतकासाठी मुंबईहून गावी आलेला आनंद आणि लग्नाचा तगादा चुकवणारा बालपणीचा मित्र बाळ्या, यांची ही गोष्ट. नातेवाईक आनंदच्या लग्नाची चौकशी करत राहतात, आई सारं जाणून त्याच्या पाठीशी उभी राहते, आणि दोन पुरुष रानात एकमेकांजवळ निवांत बसतात. कुणाला धक्का देण्याची घाई नाही, क्षमा मागण्याचाही सूर नाही.

हा प्रवास चित्रपटांतूनच करायचा असेल, तर ‘प्यासा’, ‘चारुलता’, ‘दस्तक’, ‘पिंजरा’, ‘भूमिका’ आणि ‘साबर बोंडं’ याच क्रमानं पाहावेत. ‘पिंजरा’नंतर लगेच ‘भूमिका’ पाहणं तर फारच उद्बोधक. तमाशाची तीच पायरी आधी समोरून दिसते आणि मग वरून. एक मात्र ध्यानात येईल. कात्री सैल झाली म्हणून हे चित्रपट मोठे झाले, असं म्हणता येत नाही, कारण यांतले काही कात्री सर्वांत धारदार असतानाचे आहेत. इच्छा कुणाची, हे ज्या दिग्दर्शकाला आधी नक्की कळलं, त्याला एक पीसही पुरलं. ज्याला कळलं नाही, त्याला साऱ्या सवलती मिळूनही हौदातलं ओलेतं लुगडंच तेवढं दाखवता आलं.