राजमहालचं पाच रंभांचं खोड

पेंटॉक्सिलॉन ही जीवाश्म वनस्पती शिकवताना मी वर्गात आधी खोडाचा आडवा छेद दाखवायचो. नाव, गट, वर्गीकरण सगळं त्यानंतर. देवदाराच्या खोडात लाकडाचा एकच सलग गाभा असतो. इथे बोटाएवढ्या खोडात पाच स्वतंत्र रंभ, म्हणजे वाहक ऊतींचे दंड, गोलात मांडलेले दिसतात, क्वचित सहा. प्रत्येकाला स्वतःचं कँबियम आणि स्वतःचं लाकूड. हे लाकूड सालीच्या बाजूला कमी आणि खोडाच्या मध्याकडे जास्त वाढलेलं. रंभ असे जगावेगळे, पण लाकूड मात्र थेट सूचिपर्णी वृक्षांचं: घट्ट, वाहिन्या नसलेलं, किरण एकेका पेशीच्या रुंदीचे. मुलं भिंगातून मान वर काढायची ती प्रश्न घेऊनच.

ही खोडं आजच्या झारखंडमधल्या राजमहाल टेकड्यांतली, निपानिया गावची. तिथे सुमारे ११ ते १२ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचत होते. त्या काळात सिलिकायुक्त पाणी झाडांच्या अवशेषांत मुरलं आणि पेशीन् पेशी दगडात टिकली. असा दगड कापायचा, काचेवर चिकटवायचा आणि प्रकाश आरपार जाईपर्यंत घासत राहायचं. जरा जास्त घासलं की छेदच नाहीसा होतो.

पेंटॉक्सिलॉनचं पहिलं वर्णन बी. पी. श्रीवास्तव यांचं. अख्खं झाड कुणालाच सापडलं नव्हतं. खोड, पान, बीजधारी शंकू सगळे सुटे, प्रत्येकाचं नाव निराळं. पट्टीसारखं पान निपानिओफायलम, तुतीसारखा दिसणारा बीजांचा घोस कार्नोकोनाइट्स. पुरावनस्पतिशास्त्रज्ञ बिरबल साहनींनी अंतर्रचना ताडून हे अवयव एकत्र आणले आणि १९४८ मध्ये पेंटॉक्सिली हा अनावृतबीजींचा नवा गट मांडला. ते त्याला ज्युरासिक मानत. आता हे थर आरंभीच्या क्रिटेशियस काळातले मानतात. वय बदललं, गट टिकला. माझ्या मते भारतीय पुरावनस्पतिशास्त्रातलं हे सर्वांत देखणं काम आहे. १० एप्रिल १९४९ रोजी साहनी गेले. पुढे याच गटाचे अवशेष न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियातही मिळाले, म्हणजे तो गोंडवन या प्राचीन महाखंडभर पसरलेला होता.

आज बहुतेक ठिकाणी पेंटॉक्सिलॉन म्हणजे परीक्षेपुरती गिरवायची आकृती. शिक्षकांना माझी विनंती आहे: कॉलेजच्या कपाटात याची स्लाइड असेल तर ती बाहेर काढा आणि आकृतीच्या आधी मुलांना दाखवा.